दोन बॅगा, शेहेचाळीस किलो : श्टुटगार्टहून ओहायोला काय आणावं, काय सोडून द्यावं

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे. सात वर्षं श्टुटगार्टमध्ये संसार केला आणि गेल्या महिन्यात मी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन कोलंबस, ओहायोला आले. नवरा तिथलं घर रिकामं करून महिनाअखेरीस येतोय. कंटेनर परवडणारा नाही, त्यामुळे २३-२३ किलोच्या दोन बॅगांत मावेल तेवढंच. इथे साध्या साध्या वस्तूंवाचून अडलंय. नवी इलेक्ट्रिक किटली पाणी उकळायला दुप्पट वेळ घेते. क्वार्क (जर्मनीतलं मऊ, ताजं चीज) कुठल्याच दुकानात दिसला नाही. त्याऐवजी ग्रीक योगर्ट घालून केक केला तर तो आंबट झाला आणि खाली पाणी सुटलं. ताजं यीस्ट नाही, व्हॅनिला साखरेच्या पुड्या नाहीत. लेकीला तिची दुलई हवी, आत खेळणं असलेलं चॉकलेटचं अंडं हवं, काळ्या योहानिसबेरचा, म्हणजे ब्लॅक करंटचा रस हवा. सनस्क्रीन तिथल्याच कंपनीचं घेतलं, तरी चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. शाळेला जन्मदाखल्याची प्रत पाठवली, तर खालचा शिक्का कापला गेलाय म्हणून परत आली. नवऱ्याला काय काय आणायला सांगू? तो किटलीसुद्धा आणतो म्हणतोय.
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : आधी नवऱ्याला फोन करा आणि किटली बॅगेतून बाहेर काढायला सांगा. मग पुढचं वाचा.

‘अमेरिकेत मिळत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे तीन निरनिराळी कारणं असतात. काही वस्तू इथल्या विजेला किंवा नळाला चालत नाहीत. काही कायद्याने अडवलेल्या आहेत. आणि बऱ्याचशा इथे आहेत, पण दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्याच कप्प्यात. पहिल्या प्रकारच्या वस्तू आणण्यात काही अर्थ नाही, दुसऱ्या प्रकारातल्या मोजक्याच आणता येतात, आणि तिसऱ्यांसाठी बॅगेतली जागा घालवणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाणं.

किटली पहिल्या प्रकारातली. जर्मनीत (आणि सांगलीतही) भिंतीतून २३० व्होल्ट येतात, ओहायोत १२०. तापणाऱ्या उपकरणाचं व्होल्टेज निम्म्यावर आलं की त्याची ताकद निम्मी होत नाही, जवळजवळ पाव होते. तुमची २४०० वॅटची जर्मन किटली इथे जेमतेम साडेसहाशे वॅटवर चालेल आणि लिटरभर पाण्याला नऊ-दहा मिनिटं लावील. ‘ट्रान्सफॉर्मर लावू’ असं कुणीतरी सुचवेलच. तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच दहा किलोच्या वर भरतो, आणि १२० व्होल्टवर २४०० वॅट खेचायचे तर २० अँपिअर लागतात. तुमच्या ओट्यावरचं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे १८०० वॅटपर्यंतचं. ब्रेकर पडायचीच शक्यता जास्त.

म्हणून इथल्या किटल्या १५०० वॅटच्या असतात. लिटरभर पाण्याला चार-साडेचार मिनिटं. तिथे अडीच-पावणेतीन मिनिटांत व्हायचं. तुमच्या नव्या किटलीत बिघाड काही नाही, परत करू नका. दोन कपांपुरतंच पाणी भरा आणि किटली चालू असताना त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह लावू नका. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : इथली इलेक्ट्रिक शेगडी भिंतीतल्या २४० व्होल्टच्या वेगळ्या लाइनवर चालते. तुमच्याकडे इंडक्शन असेल, तर झाकण ठेवलेलं पातेलं किटलीच्या आधी उकळेल. चहा तर आपण पातेल्यातच करतो.

विजेच्या बाकी वस्तूंचा निर्णय नवऱ्याला फोनवरसुद्धा घेता येईल. प्लगवर किंवा उपकरणाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर वस्तू आणा. पाच-सहा डॉलरचा प्लग बदलणारा जोड पुरतो. लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांचे चार्जर आणि बरेचसे इलेक्ट्रिक टूथब्रश यात बसतात, पण टूथब्रशचा चार्जर नीट वाचा, तिथे फसगत होते. नुसतं ‘२२०–२४०’ लिहिलेलं असेल तर ती वस्तू शेजाऱ्याला देऊन टाका : मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर, टोस्टर. स्वयंपाकघरातला वजनकाटा सेलवर चालतो, तो मात्र जरूर आणा. तुमच्या सगळ्या पाककृती ग्रॅममध्ये आहेत, आणि अमेरिकन कपाने मैदा मोजायला लागलात तर दाबून भरलेला आणि भुरभुरून भरलेला कप यांत सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो.

किटलीतला खर (पाण्यातल्या क्षारांचा थर) काढायला तिथे सायट्रिक ॲसिडची पुडी मिळायची. इथे ती साफसफाईच्या कप्प्यात शोधू नका. लोणची-मुरंबे बरण्यांत भरण्याच्या सामानात, नाहीतर सरळ भारतीय किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळते. लिटरभर कोमट पाण्यात दीड-दोन मोठे चमचे घालून अर्धा-पाऊण तास ठेवा. पाणी उकळू मात्र नका, कारण गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून दुसराच, आणखी चिवट थर धरतो, आणि तो काढणं मूळ खरापेक्षा अवघड.

आता क्वार्क. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. तो बॅगेतून आणायचा विचार सोडा. वाटेत टिकणार नाही, आणि असल्या ओल्या, मऊ दुग्धपदार्थांना विमानतळावर अडवतात. पण तो घरी होतो, आणि टांगलेल्या चक्क्यावर हात बसलेल्या माणसाला तर काहीच जड नाही.

मग चक्काच का चालत नाही? विरजणात फरक आहे. दह्याचे जिवाणू चाळीस-पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या उबेत भराभर काम करतात आणि चांगलंच आंबट करतात. क्वार्कचे जिवाणू वेगळ्या जातीचे; ते वीस ते तीस अंशांत, सावकाश, दिवसभर काम करतात, आणि त्यांची चव सौम्य, किंचित लोण्याकडे झुकणारी असते. हे विरजण अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात ‘कल्चर्ड बटरमिल्क’ या नावाने पडलेलं असतं. नावावर जाऊ नका, ते आपलं ताक नाही. दाट, आंबूस असं ते विरजलेलं दूधच असतं. डब्यावर जिवंत जिवाणू असल्याचा उल्लेख आहे ना, एवढं बघा.

अर्धा गॅलन दूध घ्या, म्हणजे १.९ लिटर. दोन टक्के फॅटचं किंवा पूर्ण सायीचं, पण साधं पाश्चराइज्ड. ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ लिहिलेलं नको. बरंचसं सेंद्रिय दूध इथे तसंच असतं, आणि फार तापवलेल्या त्या दुधाची कवडी घट्ट बसत नाही. शेवटी फडक्यातून सगळं पातळ निघून जातं. दूध २५ ते ३० अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला ना गार ना गरम लागेल इतकंच कोमट करा. त्यात एक कप बटरमिल्क मिसळा, झाका आणि ओट्यावर १८ ते २४ तास हलवू नका. ओहायोच्या हिवाळ्यात घर विसाच्या खाली जात असेल, तर ओव्हनमधला नुसता दिवा लावून भांडं आत ठेवा. पण अधूनमधून हात लावून बघा, काही ओव्हनमध्ये त्या दिव्यानेही तीसच्या वर जातं.

सुरी घातली की कवडी स्वच्छ कापली जावी आणि कडेने पिवळसर पाणी दिसावं, म्हणजे लागलं. सुरीला रबरबीत चिकटलं तर आणखी चार तास द्या. मग कवडीचे इंचभराचे चौकोन कापून भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवा आणि कवडी हळूहळू ३८-४० अंशांवर आणा. वीस मिनिटं तशीच ठेवा, ढवळू नका. याने पाणी मोकळं सुटतं. घाईघाईने पन्नासच्या वर नेलंत तर कवडी आकसून रवाळ होते, आणि मग तुमच्याकडे क्वार्क नसतो, फसलेलं पनीर असतं. शेवटी मलमलच्या दुहेरी फडक्यात बांधून, फ्रिजमध्ये भांड्यावर टांगून, आठ तास. फ्रिजबाहेर टांगलंत तर रात्रभरात आंबट होईल. अर्धा किलोच्या आसपास क्वार्क निघतो. ब्लेंडरमधून दोन चमचे दुधाबरोबर फिरवला की डब्यातल्यासारखा गुळगुळीत. राहिलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात घाला.

तुमचा केक बिघडायचं कारण एकटं ग्रीक योगर्ट नाही. जर्मन केझेकूखनमध्ये, म्हणजे क्वार्कच्या चीजकेकमध्ये व्हॅनिला पुडिंगची ३७ ग्रॅमची पुडी पडते. ती पुडी म्हणजे मुख्यतः मक्याचं स्टार्च, वर वास आणि रंग. तिच्याऐवजी तुम्ही इथलं ‘इन्स्टंट पुडिंग’ घातलं असेल, तर त्यात बहुतेक साखरच असते आणि स्टार्च असतो तो थंड दुधात फुगणारा, वेगळ्या जातीचा. ओव्हनमध्ये तो पाणी धरून ठेवत नाही. ३५ ग्रॅम कॉर्नस्टार्च आणि चमचाभर व्हॅनिला अर्क घाला, काम होईल. अडीनडीला विकतच्या गोष्टींनीच करायचा असेल तर दोन भाग रिकोटा आणि एक भाग तासभर टांगलेलं ग्रीक योगर्ट ब्लेंडरमध्ये फिरवून घ्या. क्रीम चीज नको. अमेरिकन नियमाने त्यात किमान ३३ टक्के फॅट असतं, आणि तुमच्या मागरक्वार्कमध्ये (बिनसायीच्या क्वार्कमध्ये) एक टक्काही नसायचं. तयार होईल तो चांगला केक असेल, पण न्यू यॉर्कचा.

२६ सेंटिमीटरचा कडा निघणारा साचा मात्र नवऱ्याला आणायला सांगा. हलका असतो आणि त्याच्या पोटात मोजे भरता येतात. इथला नेहमीचा साचा ९ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटरचा. त्यात २६ च्या मापाचं मिश्रण ओतलंत तर चौथा हिस्सा उरेल, नाहीतर ओव्हनच्या तळाशी सांडेल. पाककृतीत पंख्याच्या ओव्हनला १६० अंश लिहिलं असेल तर बिनपंख्याच्या ओव्हनला ३५० फॅरनहाइट लावा. बऱ्याच ओव्हनच्या सेटिंगमध्ये सेल्सिअस निवडता येतं, ते एकदा चाळून बघा. गंमत म्हणजे ताप आपण सांगलीतही फॅरनहाइटमध्येच मोजत आलो, तेवढी एक बाब इथे शिकायची नाही.

बेकिंगचं बाकीचं सामान तिसऱ्या प्रकारातलं. ४२ ग्रॅमचा ताज्या यीस्टचा चौकोन म्हणजे सुक्या यीस्टच्या ७-७ ग्रॅमच्या दोन पुड्या, आणि या पुड्या इथे सगळीकडे आहेत. ताजं यीस्ट आणू नका, ते फ्रिजमध्येही दोन आठवडे धड काढत नाही. बेकिंग पावडरची जर्मन पुडी अर्धा किलो मैद्याला असते. इथल्या डब्यातले साडेतीन ते चार लहान चमचे तिच्या जागी. व्हॅनिला साखरेच्या ८ ग्रॅमच्या पुडीऐवजी दोन लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा अर्क. तरीही पुड्यांची माळ आणायचीच असेल तर आणू दे, वजन नगण्य असतं आणि लेकीचा वाढदिवस तिच्या ओळखीच्या वासाचा होईल. मैद्याचं म्हणाल तर जर्मन ४०५ नंबरच्या जागी इथला ऑल-पर्पज चालतो. तो थोडा जास्त चिवट, म्हणून केकचं मिश्रण कमी फेटा. लोणी : अमेरिकन ८० टक्के फॅटचं, युरोपियन ८२ टक्क्यांचं. बिस्किटांच्या पिठात हा फरक हाताला कळतो, पोळीवर लावायला कळत नाही. एक काडी ११३ ग्रॅमची असते, म्हणजे तुमच्या २५० ग्रॅमच्या वडीला दोन काड्या आणि जेमतेम दोन मोठे चमचे.

दुकानांचं एक सांगायला हवं. अमेरिकेतली आल्डीची दुकानं ही श्टुटगार्टमधल्या तुमच्या आल्डी ज्यूड या किराणा साखळीचीच भावंडं. वर्षातून काही वेळा तिथे जर्मन मालाचे आठवडे लागतात : श्पेट्झले (अंड्याच्या जाडसर शेवया), लाल कोबीच्या बरण्या, लेबकूखन (मसाल्याची बिस्किटं), असं बरंच. माल संपला की संपला, म्हणून त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच जा. आणि सिनसिनाटीजवळ फेअरफिल्डला ‘जंगल जिम्स’ नावाचं अवाढव्य दुकान आहे, देशांप्रमाणे गल्ल्या लावलेलं. कोलंबसहून जाऊन यायला दिवस मोडेल. पण वर्षातून एकदा गाडी भरून आणण्यासारखं आहे, आणि भारतीय गल्लीही तिथेच आहे.

आता कायद्याने अडवलेल्या गोष्टी. लेकीला समजावणं अवघड आहे, पण चॉकलेटच्या आत खेळणं असलेलं ते अंडं अमेरिकेत विकता येत नाही आणि आणताही येत नाही. १९३८ च्या अन्न व औषध कायद्यानुसार मिठाईच्या पोटात न खाण्याजोगी वस्तू घालायला मनाई आहे. कस्टमवाले ती अंडी खरोखर काढून घेतात, आणि ती वेळ लेकीच्या देखत यायला नको. त्याच कंपनीचं दोन वेगवेगळ्या सीलबंद अर्धांचं अंडं, जे सांगलीतल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावरही टांगलेलं असतं, ते २०१८ पासून इथे मिळतं. तिला त्या पिवळ्या डबीचीच ओढ असेल, तर नवऱ्याने चॉकलेट तिथेच खाऊन नुसत्या डब्या खेळण्यांसकट आणाव्यात. त्याला कुणी हरकत घेत नाही, आणि त्याचाही फायदा.

काळ्या योहानिसबेरची गोष्ट आणखी जुनी. हे झुडूप आणि पाइनच्या काही जाती मिळून एका बुरशीचं जीवनचक्र पूर्ण करतात, आणि ती बुरशी पाइनची झाडं मारते. लाकूडतोडीचा धंदा वाचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेने हे झुडूप लावण्यावरच बंदी घातली. १९६६ मध्ये केंद्राने हात काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोपवला; न्यू यॉर्कने २००३ मध्ये परवानगी दिली. मधल्या काळात दोन पिढ्यांना ही चव ठाऊकच झाली नाही, म्हणून इथे जांभळ्या रंगाची गोळी द्राक्षाच्या चवीची असते. फळावर बंदी नाही. रस आणि जॅम आयात होऊन येतात, फक्त मोठ्या सुपरमार्केटात ठेवत नाहीत. पोलिश किंवा रशियन दुकानात विचारा, तिथे सरबताच्या बाटल्या हमखास असतात. एक फसवणूक टाळा : बेकिंगच्या कप्प्यात ‘करंट्स’ लिहिलेली खोकी दिसतील. ते बारीक काळे मनुके आहेत, द्राक्षंच. भारतातही मनुक्यांना ब्लॅक करंट म्हणून खपवतात, तोच घोळ. बाटली बॅगेत घालू नका. फुटली तर डाग दुलईवर जाईल.

सनस्क्रीनची तक्रार अगदी बरोबर आहे. डबा तोच, कंपनी तीच, आतला माल वेगळा. युरोपात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन मानलं जातं, अमेरिकेत औषध. त्यामुळे इथे प्रत्येक नव्या घटकाला औषधाची मंजुरी लागते, आणि युरोपात वापरात असलेले बरेच घटक इथल्या बाटलीत वर्षानुवर्षं घालता आले नव्हते. त्यांतला नावाजलेला बेमोट्रिझिनॉल. युरोपियन डब्यावर तो ‘बिस-एथिलहेक्सिलॉक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनिल ट्रायझीन’ असा छापलेला असतो (वाचताना धाप लागते, पण ‘ट्रायझीन’वर संपणारं लांबलचक नाव शोधलं की झालं). इथे बिनवासाची, संवेदनशील त्वचेची म्हणून जी विकली जातात ती बहुधा झिंक ऑक्साइडची. ते काम चोख करतं, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर राखेसारखं दिसतं. बॅगेत दोन-तीन ट्यूब स्वतःपुरत्या आणा. पाकिटावर उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असेल तर उघडल्यापासून बारा महिने चालेल, असा त्याचा अर्थ. डझनभर साठवून उपयोग नाही. त्या संपल्या की इथलं रंगमिश्रित, आयर्न ऑक्साइड असलेलं झिंकचं क्रीम गडद छटेत घ्या. पांढरेपणा त्यात झाकला जातो.

औषधांत जास्त सावध राहा. इथे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच मिश्रणांत ते आधीच घातलेलं असतं. दोन्ही एकदम दिलंत तर डोस दुप्पट होतो. लेकीच्या सिरपचं तर वेगळंच प्रकरण आहे. अमेरिकन सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम असतं, जर्मनीत सहसा मिळणाऱ्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २००, आणि भारतातून आलेल्या बाटलीत १२५ किंवा २५०. तिन्ही बाटल्या एकाच कपाटात नकोत. इथलीच एक ठेवा, तिच्यासोबत आलेल्याच सिरिंजने मोजा आणि लेकीच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते फार्मसिस्टला एकदा विचारून कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा. नवऱ्याच्या औषधांच्या डब्यात मेटामिझोल हे ताप-दुखण्यावरचं औषध असेल (नोव्हाल्गिन), तर ते तिथेच सोडू दे. अमेरिकेत ते १९७७ पासून बाद आहे.

दुलई आणा. खरंच आणा. जर्मन दुलई १३५ बाय २०० सेंटिमीटरची. इथली एकेरी साधारण १७३ बाय २१८ ची. म्हणजे जर्मन खोळीत अमेरिकन दुलई गोळा होऊन बसते आणि अमेरिकन खोळीत जर्मन दुलई एका कोपऱ्यात घसरते. दुलई आणि दोन खोळी अशी जोडीच यायला हवी, नुसत्या खोळी नकोत. लेकीची गादी इथली ‘ट्विन’ असेल तर ती ९७ सेंटिमीटर रुंद, त्यावर जर्मन दुलई छान बसते. ८० बाय ८० ची चौकोनी उशी मात्र सोडून द्या. तिचे अभ्रे इथे मिळत नाहीत. पुढे मोठ्यांसाठी खोळी हव्या झाल्या की कोलंबसच्या उत्तरेला पोलॅरिसला आयकिया आहे. बाकीच्या दुकानांत तुम्हाला शिवलेलं कम्फर्टर आणि त्याखाली घ्यायची चादर असा जोड दाखवतील. ते कम्फर्टर दर आठवड्याला धुणं नको वाटतं, म्हणून खोळच घ्या.

जन्मदाखल्याचा शिक्का कुठे गेला ते आता सांगतो. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, अमेरिकन लेटर २१६ बाय २७९. ए-फोर १८ मिलिमीटरनी लांब, आणि जर्मन दाखल्यांवर सही-शिक्का नेमका त्या तळाच्या पट्टीत. स्कॅनरची काच बहुधा ए-फोरला पुरेशी असते. पण यंत्राचं माप मुळात ‘लेटर’वर लावलेलं असतं, म्हणून ते २७९ वर थांबतं. स्कॅनच्या सेटिंगमध्ये ए-फोर निवडा, पूर्ण पान येईल. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय घ्या. फोटोकॉपीच्या दुकानात द्यायचं झालं तर ९४ टक्क्यांवर लहान करून मागा. हे भारतातल्या कागदांनाही लागू, तेही ए-फोरच. मूळ कागद तिथल्या दोन भोकांच्या फायलीतच राहू द्यात आणि ती फाईल नवऱ्याच्या हातातल्या बॅगेत येऊ दे. इथल्या फायली तीन भोकांच्या असतात, आणि मूळ दाखल्याला नवी भोकं पाडायची नाहीत.

कपडे ६० अंशांवर धुवायची सवय असेल तर इथे थोडं जमवून घ्यावं लागेल. जर्मन यंत्र पाणी स्वतः तापवतं. इथलं बहुतेक यंत्र घरच्या बंबाचं गरम पाणी घेतं, आणि बंब साधारण १२० फॅरनहाइटवर, म्हणजे ४९ अंशांवर लावलेला असतो. यंत्रावर ‘सॅनिटाइझ’ नावाचं चक्र असेल तर आत हीटर आहे असं समजा, टॉवेल त्यात टाका. वाळत घालायचा स्टँड आयकियात मिळतो. बाल्कनीत मांडण्याआधी भाडेकरार वाचा, बऱ्याच वसाहतींत बाहेर कपडे दिसलेले चालत नाहीत. भांड्यांच्या यंत्राचं मीठ शोधू नका. यंत्राच्या तळाशी फिरकीचं मोठं झाकण असेल तरच त्यात मीठ पडतं, आणि अमेरिकन यंत्रांना ते क्वचितच असतं. झाकण असलंच तर त्याचंच खास मीठ मागवा, स्वयंपाकाचं घालू नका.

तर नवऱ्याच्या बॅगांचं असं : एकीत दुलई, खोळी आणि लेकीचे कपडे. दुसरीत साचा, वजनकाटा, सनस्क्रीन, पुडिंग आणि व्हॅनिलाच्या पुड्या, उरलेल्या जागेत पुस्तकं. पुड्या मूळ पाकिटातच ठेवा आणि मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी निघाली तर ती वेगळी काढून तपासतात. निरोपाला कुणी सॉसेज दिलं तर तिथेच खाऊन टाकावं, मांसाचं काही इथे आणायचं नाही. घट्ट चीज चालतं. खाण्याचं काहीही असलं तर ‘आहे’ असंच सांगायचं. सांगितलेलं फार तर काढून घेतात, न सांगितलेलं सापडलं तर दंड होतो. आणि दुलईची हवा काढलेली पिशवी चेन लावण्याआधी सगळ्यात वर ठेवायला सांगा, तळाशी नको. बॅग उघडून बघितलीच तर पिशवी फाडल्याशिवाय बाजूला काढता येते, आणि एकदा फुगलेली दुलई परत दाबून बसवायला विमानतळावर व्हॅक्यूम क्लीनर मिळत नाही.